मुलूख वाढला, शेजारी बिथरला : वैनगंगेचा जुना धडा

बालाघाट : लढाईत मिळालेला मुलूख वस्तीने पक्का होतो आणि तिथेच पुढच्या लढाईचं बी पडतं. नागपूरकर भोसल्यांनी १७५१ च्या तहात ओडिशा आणि बंगालची वार्षिक १२ लाखांची चौथाई मिळवली. कटक मोहिमेत लढलेल्या पोवारांना वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्याचं जुनी गॅझेटियर सांगतात. पण कटक पडलं कलकत्ता आणि मद्रासच्या मधोमध. इंग्रजांना सलग किनारा हवा होता. १८०३ च्या युद्धात कटक गेलं, १८१७ मध्ये सीताबर्डी हरली, १८५४ मध्ये राज्यच खालसा झालं. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा झाला. मग इंग्रजांनीही बैहरच्या पठारावर शेतकरी वसवले, बैगांचं जंगल आकसलं. वेस्ट बँकमधला वसाहतींचा वादही असाच. फौज माघारी बोलावता येते, वसलेलं गाव उठवणं अवघड. म्हणूनच तह अडतो.