रिडेव्हलपमेंट होईपर्यंत...

आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, हे मी पहिल्यांदा २०११ साली ऐकलं. तेव्हापासून दरवर्षी सोसायटीच्या गणपतीची आरती झाली की प्रसादाबरोबर हा विषय वाटला जातो. एक बिल्डर आला आणि गेला. दुसऱ्याने नवीन फ्लॅटचा नकाशा नोटीस बोर्डावर लावला, तो उन्हाने पिवळा पडला. २०१९ मध्ये नियम बदलून ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी झाली, तेव्हा तर सगळ्यांना वाटलं की आता झालंच. कसलं काय!

या सगळ्या वर्षांत आमच्या घरात एकच वाक्य चालायचं. "आता कशाला खर्च? बिल्डिंग पडणारच आहे." स्वयंपाकघरातला नळ गळतो? फडकं बांधा. बाथरूममध्ये अंधार आहे? नवीन घरात होईल उजेड. बाबा २०१४ मध्ये गेले, त्यांनीही हेच म्हणत दिवस काढले. आणि खरं सांगायचं तर हे वाक्य आईपेक्षा आम्ही मुलंच जास्त म्हणायचो. मी ठाण्याला, दादा बंगलोरला. आम्हाला काय, त्या बाथरूममध्ये रोज थोडीच आंघोळ करायची होती!

गेल्या वर्षी जूनमध्ये आई बाथरूममध्ये घसरली. पडता पडता तिने टॉवेलची दांडी धरली आणि दांडी प्लास्टिकच्या गिट्ट्यांसकट भिंतीतून बाहेर आली. मनगटाला हेअरलाइन फ्रॅक्चर झालं. सहा आठवडे प्लास्टर. खुबा वाचला म्हणून देवाचे आभार मानायचे. ७६ वर्षांच्या बाईचा खुबा मोडला की पुढे काय होतं ते आपल्या प्रत्येकाच्या घरात कोणी ना कोणी पाहिलेलं आहे.

मग आम्ही मुलं खडबडून जागे झालो, आणि थेट दुसऱ्या टोकाला गेलो. दादाने मॉड्युलर किचनचे फोटो पाठवले. एकाने स्वयंपाकघराचे २ लाख ८० हजार सांगितले, बाथरूम फोडून नवीन करायचे दीड लाख वेगळे. दादा द्यायला तयार होता. (दादा, तू हे वाचतोयस हे माहीत आहे. तुझ्या मनात काय होतं तेही माहीत आहे.) आमची फोनवर चांगली दोन दिवस वादावादी झाली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुमचं ठरलं की मला सांगा. मला काय त्रास होतो ते नंतर कधीतरी विचारा."

एवढं पुरलं. पुढच्या शनिवारी मी वही घेऊन सकाळी सहापासून आईच्या मागे मागे फिरले. ती कुठे वाकते, कुठे हात टेकते, कशासाठी स्टुलावर चढते ते लिहून काढलं. माझं मत त्या सकाळी पक्कं झालं. घर नवं दिसण्याचा खर्च आणि घर वापरता येण्याचा खर्च हे दोन वेगळे खर्च आहेत, आणि दुसरा फारच कमी असतो.

बाथरूमपासून सुरुवात केली. फरशी फोडायची नाही, हे पहिलं ठरवलं. जुन्या बिल्डिंगमध्ये फरशी फोडली की तिच्याखालचं वॉटरप्रूफिंगही जातं, ते नीट परत झालं नाही तर खालच्यांच्या छतातून पाणी ठिबकतं आणि शेजारधर्म संपतो. फरशीवरच दुसरी फरशी चिकटवतात हल्ली, पण त्याने जमीन वर येते. आमचा उंबरा मुळात अर्धा इंच; पाणी सरळ पॅसेजमध्ये आलं असतं. म्हणून फक्त फरशांचे सांधे खरवडून त्यात इपॉक्सी ग्राउट भरून घेतलं. पांढरं सिमेंट पाणी पितं आणि काळं पडतं, इपॉक्सी पीत नाही. त्याआधी फरशीवरचा साबणाचा थर घासून काढला. तो थर निघाल्यावर कळलं, घसरायला निम्मं कारण तोच होता. आणि हो, ॲसिड वापरू नका. त्याने सांधे खाल्ले जातात, नळाची चकाकी जाते, आणि ब्लीचिंगशी गाठ पडली तर विषारी वायू होतो.

धरायला स्टीलच्या दोन जाड दांड्या लावल्या, एक कमोडशेजारी, एक आंघोळीच्या स्टुलाजवळ. प्लंबर त्याही गिट्ट्या ठोकून लावायला निघाला होता. त्याला थांबवून विटेत घट्ट बसणारे लोखंडी अँकर आणायला लावले. बसवून झाल्यावर त्यालाच सगळा भार टाकून लटकायला सांगितलं. तो हसला, पण लटकला.

दाराचा मुद्दा मला सुतारामुळे कळला. आमचं दार आत उघडायचं. माणूस आत पडला आणि दाराला टेकला तर बाहेरून दार ढकलताच येत नाही! त्याने अर्ध्या दिवसात बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं केलं, आणि बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी कडी बसवली. १८०० रुपये. या यादीतला सगळ्यात शहाणा खर्च हा, असं मला वाटतं.

शिवाय गीझर होता. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग तपासलं तर ते नावापुरतंच होतं. ते नीट करून घेतलं आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, म्हणजे कुठे विजेची गळती झाली तर क्षणात पुरवठा बंद होतो. दिसायला एक छोटी डबी. पाहुण्यांना कौतुकाने दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही. बल्बच्या जागी एलईडी पट्टी आली आणि आई म्हणाली, "अगंबाई, इतकी घाण होती होय इथे!"

स्वयंपाकघरात आमचा १९८७ चा काळा कडाप्प्याचा ओटा आहे, ३३ इंच उंच. बाबांनी गवंड्याला आईच्या मापाने बांधायला लावला होता. पण त्यावर शेगडी ठेवली की कढईचा काठ आणखी वर जातो, आणि आई आता पूर्वीएवढी उंच राहिलेली नाही. ओटा फोडायची कल्पना मला सहन झाली नाही. त्याऐवजी भिंतीला २७ इंचांवर घडीचं टेबल लावलं. भाजी चिरणं, पोळ्या लाटणं आता खुर्चीवर बसून होतं. रोजचे डबे वरच्या फळीवरून काढून कमरेच्या उंचीवर आणले, त्याला तर एक पैसाही लागला नाही. ओट्याखाली स्टीलची एकच ट्रॉली केली. सिंकखाली प्लायचं कपाट करायचंच नाही, हे आणखी एक मत. साधा एमआर प्लाय तिथल्या ओलीत फुगतो आणि पाण्याला टिकणारा आयएस ७१० वाला महाग पडतो. मोकळी जागा बरी, गळती लगेच दिसते. नळ पाव फेऱ्यात उघडणारा बसवला, दुखऱ्या मनगटाला तो जमतो. आणि गॅसची केशरी नळी बदलली. तिच्यावर छापलेली मुदत २०१८ मध्येच संपली होती. आम्ही सगळे त्या शेगडीवरचा चहा पीत होतो!

सगळा हिशोब वहीत आहे, २९ हजारांच्या आत.

सगळंच जमलं असं नाही. बाथरूममधली रबरी जाळीची मॅट आईने आठवड्यात हद्दपार केली. तिचं बरोबरच होतं, रोज उचलून वाळवली नाही तर ती खालून बुळबुळीत होते आणि भलतंच व्हायचं. घडीच्या टेबलावर दुपारी पेपर आणि औषधांचा डबा असतो, त्यामुळे ते कधी मिटत नाही. आणि फोटोत आमचं स्वयंपाकघर अजून १९८७ चंच दिसतं. ज्याला दहा-पंधरा वर्षं त्या घरात नक्की राहायचंय आणि हौस आहे, त्याने खुशाल मॉड्युलर करावं. माझा राग त्यावर नाही. माझा राग "आता कशाला" वर आहे. बिल्डर येईल तेव्हा येईल, आंघोळ रोजची आहे.

परवा सेक्रेटरी आले होते, पुढच्या मीटिंगला नवीन बिल्डर येणार म्हणे. आईने चहा दिला आणि म्हणाली, "येऊ दे की. जाताना माझ्या दोन्ही दांड्या तेवढ्या काढून द्यायला सांगा."

तर मंडळी, या रविवारी आई-बाबांकडे किंवा मावशी-आत्याकडे जाल, तेव्हा बाथरूममधल्या टॉवेलच्या दांडीला जरा जोर लावून बघा. हातात आली, तर बरं झालं तुमच्या हातात आली.