आधी जाऊन या, मग बघू

आपल्याकडे संशोधकाने परदेशातल्या परिषदेला जावं म्हणून सरकारी प्रवास-अनुदान मिळतं. कागदावर ती मदत असते. व्यवहारात संशोधक सरकारला पैसे उसने देतो : बिनव्याजी, बिनतारण आणि परतफेडीची तारीख न विचारता. सावकारीचा परवाना नसताना एवढी रक्कम कर्जाऊ देणं कायद्यात बसतं का, हे एकदा वकिलाला विचारणार आहे.

मी साताऱ्याकडच्या सड्यांवरच्या वनस्पतींवर काम करतो. गेंद, सीतेची आसवं, वायतुरा ही माझी मंडळी. जुलै २०२४मध्ये माद्रिदला विसावी आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेस भरली. काँग्रेस म्हटल्यावर दचकू नका, तिथे तिकीटवाटप नसतं. तिकीट आपलं आपणच काढायचं असतं. ही काँग्रेस सहा वर्षांनी एकदा भरते. मध्ये कोविड आला, त्यामुळे शेनझेनच्या २०१७नंतर या वेळी सात वर्षं लागली. पुढची २०२९मध्ये केपटाउनला. थोडक्यात, हुकली की हुकली. माझा निबंध तिथे स्वीकारला गेला. इथवर सगळं सुरळीत झालं, कारण इथवर आपल्या एकाही कार्यालयाचा संबंध आला नव्हता.

मग दिल्लीतल्या एका संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचं नाव सांगत नाही. पुढचा अर्जही तिथेच करायचाय. अर्ज ऑनलाइन होता. म्हणजे सगळं संगणकावर भरायचं, त्याची प्रिंट काढायची, तिच्यावर प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का घ्यायचा, ती स्कॅन करून पुन्हा चढवायची आणि वर एक हार्ड कॉपी स्पीड पोस्टाने पाठवायची. कागद वाचवण्यासाठी एवढा कागद जगात दुसरीकडे कुठे खर्च होत असेल असं वाटत नाही.

अर्जात एक रकाना होता : आपल्या सहभागाने राष्ट्राला होणारा लाभ थोडक्यात नमूद करावा. आता गेंद म्हणजे पावसाळ्यात सड्यावरच्या चार बोटं पाण्यात उगवणारं, पांढऱ्या बोंडाचं एवढंसं रोप. त्याच्याकडून राष्ट्राने नेमकी काय अपेक्षा ठेवावी? मी 'आत्मनिर्भर' हा शब्द दोनदा घातला. खोटं काही लिहिलं नाही. गेंद खरोखरच आत्मनिर्भर आहे. त्याला कुणी अनुदान देत नाही.

यापुढे जे सुरू होतं त्याला आपल्या नैयायिकांनी चक्रक दोष म्हटलंय, म्हणजे फिरून पुन्हा पहिल्याच जागी येणं. त्यांनी तो सांगितला टाळण्यासाठी, आपल्या प्रशासनाने तो कार्यपद्धती म्हणून स्वीकारला. अनुदान मंजूर झाल्याशिवाय नोंदणीचे पैसे भरणं परवडत नाही. पैसे भरल्याशिवाय नोंदणी पक्की होत नाही. नोंदणी दाखवल्याशिवाय व्हिसाची फाइल उभी राहत नाही. व्हिसाचा पत्ता नसताना तिकीट काढायला मन धजत नाही. आणि जाऊन आल्याशिवाय अनुदानाचा पैसा हाती पडत नाही. सवलतीच्या नोंदणीची मुदत मात्र या शास्त्रार्थाची वाट पाहत थांबत नाही. ती संपते आणि शुल्क वाढतं.

खरी गंमत बँकेच्या स्टेटमेंटची. शेंगेन व्हिसा मागणाऱ्याने आपल्याकडे पुरेसे पैसे आहेत हे दाखवायचं असतं, शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा जोडायचा असतो. दिल्लीला मात्र प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यायचं की या प्रवासासाठी मला दुसरीकडून कुठूनही पैसा मिळत नाही. म्हणजे एकाच आठवड्यात, एकाच पेनाने, एकाच माणसाने स्पेनला सांगायचं की मी खाऊनपिऊन सुखी आहे आणि दिल्लीला सांगायचं की मी दीन आहे, दयाळा, माझ्याकडे बघ. वदतोव्याघाताचं इतकं स्वच्छ उदाहरण तर्कशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातही सापडणार नाही. त्यात ११ जून २०२४पासून, म्हणजे काँग्रेस महिन्यावर आलेली असताना, शेंगेन व्हिसाचं शुल्क ८० युरोंवरून ९० झालं. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. निदान युरोपीय लोक 'बघू' तरी म्हणत नाहीत.

आता तिकीट. बरीच वर्षं नियम होता की सरकारी पैशाने उडायचं तर एअर इंडियानेच उडायचं. जानेवारी २०२२मध्ये ती कंपनी टाटांकडे गेली आणि वाटलं, सुटलो. पण सरकार माणसाला असं मोकळं सोडत नाही. आता तिकीट तीनच ठिकाणी काढायचं : बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी. जून २०२२च्या आदेशात आणखी एक शहाणपण आहे : स्वस्त पडावं म्हणून तिकीट प्रवासाच्या किमान २१ दिवस आधी काढावं. सल्ला उत्तमच आहे. फक्त हा सल्ला देणाऱ्या सरकारच्याच मंजुऱ्या एकवीस दिवस आधी येत नाहीत, एवढी किरकोळ अडचण आहे. उशिरा काढलं तर उशीर का केला याचं स्पष्टीकरण कुणी द्यायचं? ज्याने उशीर केला त्याने नव्हे. ज्याने वाट पाहिली त्याने.

शेवटी शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढलं आणि गेलो. मंजुरीपत्रही आलं. काँग्रेस संपल्यावर आलं, पण आलं. त्यात लिहिलं होतं की प्रवास पूर्ण झाल्यानंतर मूळ कागदपत्रं सादर केल्यास प्रतिपूर्ती केली जाईल. मग कॉलेजच्या लेखा विभागात भाऊसाहेबांपुढे बसलो.

"सर, ओरिजिनल बोर्डिंग पास?"

"मोबाइलवर होता, भाऊसाहेब."

"मग प्रिंट द्या की."

"विमान उतरल्यावर तो अ‍ॅपमधून गेला."

"मग तुम्ही गेलात कशावरून?"

"पासपोर्टवर माद्रिद विमानतळाचा शिक्का आहे."

"तो पोचल्याचा झाला, सर. विमानानं गेलात कशावरून?"

यावर मी काय बोलणार? अरबी समुद्र पोहून गेलो नाही याचं प्रमाणपत्र कुठला तहसीलदार देतो, याची चौकशी चालू आहे. पण भाऊसाहेबांना हसू नका. उद्या ऑडिट पॅरा निघाला तर तो त्यांच्या पेन्शनला चिकटेल, दिल्लीच्या सचिवाच्या नव्हे. त्यांच्या टेबलावर वित्तीय नियमावलीचा नमुना १२-अ आहे, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र. मिळालेला पैसा त्याच कामावर खर्च झाला, असं त्यावर लिहून द्यायचं. पैसा मिळालेला नाही, ही बाब लिहायला नमुन्यात जागा नाही.

माझं काय, मला पगार आहे, पतपेढी आहे. माझ्या विद्यार्थ्याचा विचार करा. जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधकाला केंद्राची फेलोशिप महिना ३७,००० रुपये मिळते; मिळते तेव्हा मिळते. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या पोरांना तर आपल्या हक्काच्या फेलोशिपसाठी आंदोलनाला बसावं लागतं. युरोपातल्या परिषदेचं तिकीट, नोंदणी, विमा, राहणं मिळून लाखाच्या पुढे आकडा सहज जातो. एवढे पैसे ज्याचा बाप आधी टाकू शकतो त्यालाच पुढे अनुदान मिळतं. म्हणजे ही योजना गरजूंना चाळणीतून गाळते आणि उरलेल्यांना मदत करते. डिसेंबर २०२३मध्ये आमच्याच विधिमंडळात विचारलं गेलं होतं, पीएचडी करून काय दिवे लावणार? दिवे लावायचे आहेत हो. तेल आम्ही आणतो, वातीही वळतो; तुम्ही फक्त फुंकर घालू नका.

बरं, कुणी जाऊच नये असं तरी धोरण आहे का? तसंही नाही. प्राध्यापकांच्या नेमणुका-बढत्यांसाठी असलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत परदेशातल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला की ७ गुण आहेत. विज्ञानाच्या नियतकालिकात, वर्षभर घाम गाळून, समीक्षकांच्या शिव्या खाऊन छापलेल्या निबंधाला ८. म्हणजे दहा मिनिटांच्या भाषणात आणि वर्षभराच्या कामात एका गुणाचं अंतर. देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५ गुण. म्हणून तर आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणीही आंतरराष्ट्रीय परिषदा भरतात. बॅनर, फेटे, शाल-श्रीफळ, आणि आंतरराष्ट्रीयत्वापुरता न्यू जर्सीतला एखादा मेव्हणा झूमवर. पाच गुण झाले, जेवण झालं, प्रमाणपत्र झालं. विज्ञान? ते पुढच्या सत्रात.

जायचं ते कशासाठी, ते माद्रिदमध्येच दिसलं. तिथे मुख्य काँग्रेसच्या आधी नामकरणाच्या नियमांची सभा बसते. शास्त्रीय नावांत 'काफ्रा' आणि त्या मुळातून आलेले शब्द आहेत. आफ्रिकेतल्या काळ्या माणसांना दिलेली ती शिवी आहे. ती काढून 'आफ्रा' करावं, असा प्रस्ताव दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी आणला. मतदान झालं : ३५१ विरुद्ध २०५. दोनशेहून अधिक वनस्पती, बुरशी आणि शैवालांची नावं बदलली. शतकानुशतकं वापरात असलेली शिवी हटली, कारण ती हटवू पाहणारी माणसं त्या सभागृहात हजर होती. अंतिम मत तिथे बसलेल्यांचंच असतं. आमची पोरं त्या वेळी कुठे होती? बहुधा हार्ड कॉपी स्पीड पोस्टात टाकत होती.

तेव्हा दिल्लीतल्या महोदयांना सविनय सांगणं असं. अर्जाचा निकाल परिषदेच्या दोन महिने आधी लावा. 'नाही' म्हणायचं असेल तर तेही वेळेत म्हणा. नकार पचवायची आम्हाला सवय आहे. पैसे जाण्याआधी द्या, हिशेब आल्यावर घ्या. आणि पासपोर्टवरचा शिक्का पाहून माणूस गेला होता यावर विश्वास ठेवा. यातल्या एकाही गोष्टीला जादा रुपया लागत नाही. जेवढे पैसे आज देता तेवढेच, फक्त वेळेवर.

माझे पैसे अजून आलेले नाहीत. पतपेढीचा हप्ता मात्र पगारातून नियमित कापला जातोय. तुमच्या घरात कुणी पीएचडी करत असेल तर त्याला माझा निरोप द्या : शोधनिबंध मागाहून लिही, आधी एखाद्या पतपेढीचा सभासद हो.