कोळसा आपला; किमया कोणाची?

देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते. कोळसा मात्र आपल्या भूमीत विपुल आहे. कोळशाच्या वायूपासून मोटारींचे इंधन करण्याचा विचार त्यामुळे स्वाभाविक ठरतो. २०३० पर्यंत १० कोटी टन कोळशाचे वायूत रूपांतर करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठरविले असून, जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांचे साहाय्यही मंजूर केले. उद्दिष्ट स्तुत्य आहे. परंतु केवळ पैशाने कारखाने चालत नाहीत.

कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचा हा वायू दाबाखाली तांबे व जस्त यांच्या उत्प्रेरकावरून नेला की मिथेनॉल बनते. त्याचा ऑक्टेन अंक शंभराहून अधिक असल्याने ते पेट्रोलमध्ये मिसळता इंजिनातील ठोके टळतात. पूर्वी हे काम विषारी शिसे करीत असे; २००० साली आपण ते वर्ज्य केले. पण हा उत्प्रेरक मोठा नाजूक असतो. वायूत गंधकाचा लवलेश राहिला तरी तो निकामी होतो. त्यातच आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के! परदेशांतील स्वच्छ कोळशासाठी घडविलेल्या भट्ट्या येथे जशाच्या तशा कशा चालाव्यात? तालचेर व रामगुंडम येथील कोळशावरचे खतकारखाने १९८० मध्ये सुरू झाले आणि तंत्राचा मेळ न बसल्याने व विजेच्या ओढाताणीने पुढे बंद पडले. तो धडा विसरून चालणार नाही.

आशेला जागा आहे. भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबाद येथील संशोधन केंद्राने राखयुक्त देशी कोळशापासून रोज पाव टन मिथेनॉल बनवून दाखविले. पाव टनापासून हजार टनांपर्यंतची वाटचाल हीच खरी कसोटी होय. असे असता, ८,५०० कोटींपैकी प्रात्यक्षिक प्रकल्प व लहान कारखाने यांच्या वाट्यास अवघे ६०० कोटी यावेत, हे प्रमाण आम्हांस उफराटे वाटते. देशी भट्टी व देशी उत्प्रेरक यांवरील खर्च सरकारने वाढवावा. तसेच हा मार्ग पाणी पितो आणि कार्बन डायऑक्साइड ओकतो. त्याचा हिशेब प्रत्येक कारखान्याने जनतेपुढे ठेवलाच पाहिजे.

तेलाची आयात घटवून तंत्राची आयात वाढविली, तर परावलंबन सरले असे होत नाही. त्याने केवळ वेष पालटला, एवढेच म्हणावे लागेल.