कंपवात : न सांगितलेल्या लक्षणांची किंमत

वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो. तेथे डॉक्टरांजवळ असलेले ज्ञान रुग्णाजवळ नसते, हे केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले. कंपवाताच्या बाबतीत मात्र या विषमतेला दुसरीही बाजू आहे. येथे मोलाची माहिती रुग्णाजवळच असते आणि ती डॉक्टरांपर्यंत पोचत नाही.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या विकाराचे वर्णन केले. आजही निदान प्रामुख्याने तपासणी आणि विचारपूस यांवरच अवलंबून असते. हाताचा कंप डॉक्टरांना दिसतो. पण बद्धकोष्ठ, वास न येणे, झोपेत हातपाय झाडणे, मनाची उदासी ही लक्षणे सांगितल्याखेरीज कळत नाहीत. रुग्ण ती म्हातारपणाच्या खात्यावर टाकतो, किंवा संकोचाने गप्प राहतो. त्यात हा विकार चेहऱ्यावरचे भाव पुसून टाकतो आणि आवाजही क्षीण करतो. मग रुग्णाऐवजी घरचेच बोलू लागतात.

याचे परिणाम केवळ गैरसमजापुरते नसतात. लेव्होडोपा या प्रमुख औषधाचा प्रभाव काही वर्षांनी पुढची गोळी घेण्याआधीच ओसरू लागतो. गोळी लागू पडल्यावर दवाखान्यात आलेला रुग्ण बरा चालताना दिसतो. पहाटे कूसही बदलता न येणारा तोच माणूस डॉक्टरांनी पाहिलेला नसतो. मग औषधाची मात्रा आणि वेळा ठरवायच्या कशावरून?

दोष एकट्या डॉक्टरांच्या माथी मारून भागणार नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात भारतातील प्राथमिक तपासणीचा सरासरी वेळ सुमारे दोन मिनिटे आढळला. वेळ हीच जेथे सर्वांत दुर्मिळ वस्तू, तेथे तिचा विनियोग विचारपूर्वकच केला पाहिजे. न दिसणाऱ्या लक्षणांविषयीची तीस प्रश्नांची प्रश्नावली २००६ पासून उपलब्ध आहे. अशी प्रश्नावली सोप्या मराठीत प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या बाकावर रुग्णाच्या हाती पडावी. घरीही गोळी, जेवण आणि ताठरपणा यांच्या वेळांची आठवडाभराची नोंद ठेवावी. कारण प्रथिनयुक्त आहारही गोळीच्या शोषणात अडथळा आणू शकतो. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट रुग्णांना बोलते करण्याच्या कामी मोठा हातभार लावू शकतात.

या उपायांना खर्च जवळजवळ नाही. न बोललेल्या लक्षणांची किंमत मात्र रुग्ण आणि त्याची शुश्रूषा करणारी माणसे रोज मोजत असतात. ती कोणत्याच आरोग्य अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच.