पक्कं करणारी रसायनं

रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यात रसायनी नावाचं गाव आहे. नावातच रसायन! १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना इथे होता. इतर रसायनांबरोबर तिथे फॉर्माल्डिहाइडही तयार व्हायचं. पुढे २०१७ साली सरकारने तिथले तोट्यातले विभाग बंद करायचं ठरवलं. आज या फॉर्माल्डिहाइडची आणि त्याच्या भाईबंदांची ओळख करून घेऊ या.

फॉर्माल्डिहाइड हा नाकाला झोंबणारा वायू. तो पाण्यात विरघळवला की झालं फॉर्मालिन. प्रयोगशाळेतल्या बरणीत बेडूक पाहिलाय ना? तो बहुधा यातच ठेवलेला असतो.

१८९३ साली जर्मनीत फर्डिनांड ब्लूम हे डॉक्टर फॉर्मालिनने जंतू मरतात का, हे तपासत होते. काम करता करता त्यांच्या बोटांची कातडी कडक झाली. त्यांनी विचार केला, मग शरीराचा कुठलाही तुकडा यात टिकेल की! आणि खरोखरच टिकला.

असं का होतं? शरीरातून काढलेला तुकडा लगेच बिघडू लागतो. त्याच्याच पेशींतली विकरं त्याला आतून विरघळवतात आणि बाहेरून जंतू तुटून पडतात. फॉर्मालिन काय करतं? प्रथिनांचे रेणू एकमेकांना जोडून टाकतं. मुलांनी हात धरून साखळी केली की कुणी जागचं हलत नाही, तसंच हे!

समजा, कर्जतच्या एखाद्या दवाखान्यात डॉक्टरांनी कुणाच्या गाठीचा तुकडा तपासायला काढला. तो मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचाय. लोकलचाच प्रवास दोनेक तासांचा! तुकडा नुसत्या पाण्यात ठेवला तर पेशी फुगतील, बिघडतील आणि कर्करोग आहे की नाही हे सांगणं अवघड होईल. म्हणून एक भाग फॉर्मालिन आणि नऊ भाग पाणी असं द्रावण, तेही तुकड्याच्या निदान दहापट घेतात. पालकांनो, अशी बाटली तुमच्या हाती दिली तर झाकण उघडू नका, पाणी घालू नका आणि नावाची चिठ्ठी वाचून घ्या.

पक्कं करण्याच्या आणखीही तऱ्हा आहेत, बरं का! रिळाच्या कॅमेऱ्यातला फोटो पक्का करायला हायपो वापरतात. उजेड न लागलेलं चांदीचं संयुग फिल्मवर राहिलं तर पुढे काळं पडतं. हायपो ते विरघळवून काढून टाकतं. म्हणजे इथे बांधून नव्हे, नको ते काढून चित्र पक्कं होतं! हा उपयोग १८३९ साली जॉन हर्शेल यांनी दाखवून दिला.

आणि कापडाचा रंग? कर्जतच्या पलीकडे भीमाशंकरच्या डोंगरात हिरडा होतो. हिरडा आणि तुरटी हे जुने रंगबंधक. एका हाताने धागा आणि दुसऱ्या हाताने रंग धरून ठेवायचा, हे त्यांचं काम.

पण जे एका जागी उपकारी, ते दुसऱ्या जागी घातक. जुलै २०१८ मध्ये मासळीला फॉर्मालिन लावल्याच्या संशयावरून गोव्यात खळबळ उडाली. सरकारने काही दिवस बाहेरची मासळी आणायला बंदी केली. फॉर्मालिनने मासा कडक राहतो, ताजा भासतो; पण ते पोटात जाणं वाईटच. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला कर्करोगकारक ठरवलं. कर्करोग शोधायला मदत करणारं रसायनच कर्करोगाला कारण होऊ शकतं! म्हणून त्याची जागा प्रयोगशाळेत, हातमोजे घालून. मासळीला आपला बर्फच बरा!

करून पाहा : पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे घ्या. एक रात्रभर तुरटीच्या पाण्यात भिजवा, दुसरा साध्या पाण्यात. आईबाबांच्या मदतीने कांद्याची सालं पाण्यात उकळा. त्या गाळलेल्या पाण्यात दोन्ही तुकडे तासभर बुडवा, सावलीत वाळवा आणि मग साबणाने धुवा. कुठल्या तुकड्यावर रंग जास्त टिकला? का टिकला, ते आता तुम्हीच घरच्यांना समजावून सांगा!