जीव तुमचा, चेक कंपनीचा

कॉलेजातला माझा एक मित्र खोपोलीतल्या एका फॅक्टरीत आहे. वय ३३, खातं फर्नेसचं. रात्री दोनला भट्टी अडली की फोन यालाच. मध्यंतरी एचआरने बोलावून सांगितलं, 'मेडिकल करून घे, कंपनी तुझा दोन कोटींचा विमा काढतेय.' पठ्ठ्या एकदम खूश! घरी जाताना पेढे घेऊन गेला. बायकोने पेढा तोंडात टाकत एकच प्रश्न विचारला, 'नॉमिनी मीच ना रे?'

'म्हणजे काय, तूच!'

चूक. या पॉलिसीत तिचं नाव कुठेच नव्हतं.

याला म्हणतात कीमॅन इन्शुरन्स. जिच्यावाचून धंदा अडेल अशा व्यक्तीचा विमा कंपनी काढते. प्रपोजर कंपनी, प्रीमियम कंपनीचा आणि उद्या काही बरंवाईट झालं तर चेकही कंपनीचाच. तुमची जागा भरेपर्यंतचं नुकसान त्यातून भरून काढायचं, हा हेतू. कर्ज देताना बँकाही कधीकधी असा विमा मागतात. टाटांचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं तेव्हापासून खोपोली कारखान्यांचं गाव आहे. मोठ्या कंपनीत एक गेला तर दुसरा उभा असतो, पण मध्यम आकाराच्या युनिटमध्ये अख्खा प्लांट एखाद्याच्याच डोक्यात असतो. त्यामुळे मालकाची काळजी खोटी नाही. प्रश्न एवढाच, की तुमच्या घरच्यांची काळजी कोण करणार?

पूर्वी यात एक गंमत चालायची. बचतीची मोठी पॉलिसी काढायची, प्रीमियम धंद्याचा खर्च म्हणून दाखवायचा आणि पुढे पॉलिसी त्याच 'की' माणसाच्या नावावर करून द्यायची. २००५ मध्ये इर्डाने कीमॅनसाठी फक्त टर्म प्लॅनच ठेवला. २०१३ च्या फायनान्स अ‍ॅक्टने उरलेली वाटही बंद केली. पॉलिसी तुमच्या नावावर झाली तरी कराच्या हिशेबात ती कीमॅनच राहते आणि तिच्या पैशाला आयुर्विम्याची करसवलत मिळत नाही. त्यामुळे 'नोकरी सोडताना पॉलिसी तुला देऊ' या आश्वासनावर फार हुरळून जाऊ नका. मुदतभर तुम्ही ठणठणीत राहिलात तर टर्म प्लॅनमधून कुणालाच काही मिळत नाही.

मग सही करायची नाही का? जरूर करा. कंपनीला तुमची किंमत कळलीय, याचा तो लेखी पुरावाच आहे! फक्त सहीआधी चार गोष्टी विचारा. हा प्रीमियम माझ्या सीटीसीत तर धरला नाही ना? मेडिकलचा रिपोर्ट ऑफिसात कोण बघणार? मी नोकरी सोडली तर पॉलिसीचं काय होणार? आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची : माझ्या घरच्यांना पैसे मिळतील अशी 'एम्प्लॉयर-एम्प्लॉयी' पॉलिसी सोबत देणार का? तिचा प्रीमियम तुमच्या पगारात धरून त्यावर टॅक्स लागू शकतो, पण पैसा घरी येतो. तुम्ही 'की' आहात हे साहेबांनीच कबूल केलंय, तेव्हा मागायची हीच वेळ!

पीएफसोबतचा ईडीएलआयचा विमा आहे, पण २०२१ मध्ये ठरलेली त्याची कमाल मर्यादा ७ लाख. होम लोन असेल तर एवढ्यात काय भागणार? म्हणून स्वतःचा टर्म प्लॅन हवाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. फॉर्ममध्ये आधीच्या पॉलिसींबद्दल विचारतात, तिथे कीमॅनचाही उल्लेख करा. तब्येतीबद्दल काही लपवू नका, नाहीतर पुढे क्लेमच अडकायचा.

मित्राने हा धडा जरा महागात शिकला. कंपनीच्या मेडिकलमध्ये त्याची शुगर वाढलेली निघाली. घरात कुणाला पत्ताच नव्हता! दोन वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाला असता तो टर्म प्लॅन आता चढ्या प्रीमियमने घ्यावा लागला. पण घेतला. पन्नास लाखांचा, शुगर फॉर्मात नोंदवून, नॉमिनी बायको.

या वेळी पेढे नव्हते. डॉक्टरांनी बंद केलेत.