बंदुकीला कोणते तेल? दुकानदाराने आधी काम विचारावे

हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक येतो, "बंदुकीला लावायला तेल द्या" म्हणतो आणि दुकानदार हाताला लागेल ती बाटली पुढे करतो. भाव विचारला जातो, काम विचारले जात नाही. खेड्यापाड्यांत शेतीच्या राखणीसाठी परवान्याची एखादी ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक असते. ती वर्षभर खुंटीला टांगलेली असते, आणि गरज पडते त्या वेळी चाप अडकतो किंवा नळीत गंज सापडतो. दोष बंदुकीला दिला जातो. पुष्कळदा तो तेलाचा असतो.

कापडवाल्याने यात का बोलावे, असे कुणी म्हणेल. पण चुकीच्या तेलाचा फटका आमच्या धंद्याइतका कुणालाच दिसत नाही. शिलाई मशीनमध्ये दाट किंवा काळे तेल घातले की पांढऱ्या कापडावर डाग उठतो आणि शिंपीबांधवाची मजुरी बुडते. लोखंडाचा नियम मशीनला आणि बंदुकीला एकच आहे.

तेलाची कामे तीन. मळ काढणे, घर्षण कमी करणे आणि गंज रोखणे. एकच तेल तिन्ही कामे सारखीच चांगली करील असे नाही, म्हणून आधी काम ठरवावे, मग बाटली.

घरातले तेल मुळीच वापरू नये. जवस आणि करडई यांची तेले हवा लागून चिकट होतात व वाळतात. खोबरेल वाळत नाही, पण आपल्याकडच्या थंडीत गोठते. कच्छमधील निरोणा गावचे खत्री कारागीर एरंडेल उकळून उकळून घट्ट करतात आणि त्याच रोगणाने कापडावर नक्षी काढतात. कापडावर जी कला, तीच बंदुकीच्या कळीत गेली तर खोळंबा. मात्र जवसाचे तेल लाकडी दस्त्याला हलक्या हाताने चोळले तर लाकूड टिकते, कारण तिथे ते वाळणेच हवे असते.

रॉकेलने मळ निघतो, पण ते उडून जाते आणि लोखंड उघडे पडते. गॅरेजमधले जळके इंजिन ऑइल फुकट मिळते; त्यात काजळी, आम्ल आणि धातूचा चुरा असतो. डब्ल्यूडी-४० हा फवारा १९५३ साली अमेरिकेत तयार झाला. पाणी हटवण्याच्या चाळिसाव्या प्रयोगावरून त्याला हे नाव पडले. भिजलेल्या लोखंडावरचे पाणी काढायला तो चांगला, पण महिनोन् महिने राखणीसाठी त्यावर भिस्त ठेवू नये.

मग वापरावे काय? खास बंदुकीचे खनिज तेल मिळाले तर उत्तम. तात्पुरते शिलाई मशीनचे स्वच्छ, पातळ तेल चालते. मात्र त्याचा थर लवकर जातो, म्हणून पुन्हा पुन्हा लावावे लागते. पारनेर अवर्षणाचा, धुळीचा तालुका. इथे जास्त तेल म्हणजे जास्त धूळ, आणि तेल-धुळीचा चिखल सांधा खातो. चालत्या भागांना थेंबभर पुरे. बाहेरून इतके पुसावे की बोटाला नुसता ओलावा जाणवावा.

ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी आहे. काळ्या दारूचे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून नळी आधी गरम पाण्याने धुवावी, पूर्ण कोरडी करावी आणि मगच तेल द्यावे. क्षारावर तेल चढवले की गंज आतल्या आत वाढतो.

पुसण्याच्या चिंधीलाही महत्त्व आहे. कोऱ्या कापडात खळ असते, ती ओल धरते. टेरिलीन ओल नीट शोषत नाही. जुने, चार वेळा धुतलेले सुती कापडच घ्यावे. आणि पावसाळ्यात बंदूक जाड गवसणीत गुंडाळून ठेवू नये. गवसणीतली ओल लोखंडात उतरते.

निवडणुकीच्या काळात ज्यांना हत्यार जमा करण्याचा हुकूम होतो, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि निकाल ४ जूनला आला; विधानसभेची १५ ऑक्टोबरला पुन्हा लागली. इतके दिवस बंदूक दुसऱ्याच्या ताब्यात राहणार असेल तर रोजचे पातळ तेल पुरत नाही. जमा करण्यापूर्वी गंजरोधक दाट तेल द्यावे. परत आणल्यावर ते नळीतून पूर्ण पुसून काढल्याशिवाय बार काढू नये. नळीत अडथळा राहिला तर नळी फुटते आणि हात जातो. सफाईपूर्वी बंदूक रिकामी आहे याची खात्री करावी. काडतुसांना तेलाचा हात लावू नये, बार फुसका जातो.

कारागीरबांधवांना एक इशारा. आपल्या शिकलगार मंडळींचे नावच सैकल, म्हणजे धातूला झिलई देणे, या शब्दावरून आले आहे. हुन्नर पिढीजात आहे. पण शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती परवान्याशिवाय करता येत नाही. मालकाने स्वतःच्या बंदुकीला तेल देणे वेगळे, आणि आपण ती खोलून दुरुस्त करणे वेगळे. ओळखीच्या माणसासाठीसुद्धा हा धोका पत्करू नये.

शेवटी दुकानदारांसाठी. १८५७ च्या जानेवारीत डमडमच्या छावणीतून एकच प्रश्न पसरला, नव्या काडतुसाला लावलेली चरबी कसली? सरकारने पुढे शिपायांनी स्वतःच मेण-तेल लावावे अशी मुभा दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. १० मे रोजी मीरत पेटले. डब्यात काय आहे हे विचारण्याचा हक्क वापरणाऱ्याला आहे आणि सांगण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आहे. सुटे, बेनाव तेल बाटलीत भरून "चालेल हो" म्हणत विकणे बंद करावे. नाव आणि उपयोग लिहिलेली लहान बाटली ठेवावी. काम विचारावे, आपल्याकडे योग्य तेल नसेल तर तसे सांगावे. दहा-वीस रुपयांचा नफा आज जाईल, पण ते गिऱ्हाईक उद्या विश्वासाने आपल्याच पायरीवर येईल.